चाकाखालचा दगड

गोरेगावात सुटलेली गाडी थांबवायची एकच रीत होती, आणि ती शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. गाडी उतारावर निसटली, बैल बिथरले, की माणसानं पुढं व्हायचं. बाजूला नाही, मागं नाही, थेट पुढं. दोन्ही हात पसरायचे, 'होऽ होऽ' म्हणत बैलांच्या डोळ्यांत बघायचं आणि जवळ आले की वेसण धरायची. बैल आपल्या माणसाला तुडवत नाही अशी गावाची समजूत होती. खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा ती खरी ठरायची. दहाव्या वेळेबद्दल कुणी बोलत नसे.

या कामात उकंडरावाचा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता. गेल्या साली पाटलांची कापसानं भरलेली गाडी ओढ्याच्या उतारावर सुटली, तेव्हा हा गडी शेतातून धावत येऊन सरळ बैलांपुढं उभा राहिला. गाडी ओढ्यापासून सहा हातांवर थांबली. पाटलांनी त्याला फेटा बांधला, बायकांनी ओवाळलं, आणि संध्याकाळी घरी कौतुकाला माणसांची रीघ लागली. फक्त त्याचा थोरला भाऊ संतराम भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं ताट वाढलं तर त्यानं ते बाजूला सारलं आणि भूक नाही म्हणून सांगितलं.

"लंगड्याला धाकट्याचं कौतुक बघवत नाही," गाव म्हणालं. लोकांच्या जिभेला काय, ती फुकटच असते.

संतरामला डावा पाय होता, पण चवड्यापासून पुढं त्या पायाला काही नव्हतं. ते तेलंगणातल्या एका कोळशाच्या खाणीत राहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी तो आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त सोनाजी असे दोघं जोडीनं तिकडं गेले होते. तीन वर्षांनी संतराम एकटा परत आला. काखेत कुबडी होती आणि खांद्यावर सोनाजीच्या कपड्यांचं गाठोडं होतं.

सोनाजीची बायको मंजुळाबाई तेव्हा त्याच्यापुढं येऊन बसली. ती रडली नाही. गाठोडं मांडीवर घेऊन तिनं एवढंच विचारलं, "कसं झालं?"

संतरामनं सांगितलं, की कोळशाचा भरलेला डबा उतारावर सुटला, खाली सात माणसं कामाला होती, सोनाजी पुढं झाला आणि त्यानं अंगावर डबा घेतला, आणि त्याला वाचवताना आपला पाय गेला. सात जण वाचले. सात हा आकडा त्याच्या तोंडात कुठून आला ते त्यालाही कळलं नाही. पण बोलता बोलता त्यानं पाहिलं, की मंजुळाबाईची मान हळूहळू ताठ होत चालली आहे. मग त्यानं ती ताठच राहू दिली.

ही गोष्ट गावभर झाली आणि गावानं सोनाजीला डोक्यावर घेतलं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची जायची, ती त्या सालापासून सोनाजीची जाऊ लागली. पाखऱ्या नावाचा त्याचा पांढरा बैल आणि त्याचा जोडीदार पुढं, हातात कासरा धरलेली मंजुळाबाई, आणि मागं पाटलांसकट सगळं गाव. गोरेगावात बाईमाणसानं पोळ्यात बैल धरल्याचं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. संतराम त्या दिवशी दरसाल काहीतरी काम काढून शेतात जाऊन बसायचा.

यंदा माघात, म्हणजे दुसरी मोठी लढाई सुरू होऊन पाचवं साल लागलं तेव्हा, बाजाराच्या दिवशी हरिचंद नावाचा मुकादम गावात आला. आगगाड्यांना कोळसा हवा होता आणि कोळशाला माणसं हवी होती. रोजचा रोकडा पगार, वर एक घोंगडी, आणि खाणीच्या दुकानात ज्वारी मिळेल असं तो सांगू लागला. ज्वारीची सुगी कशीबशी हाती आलेल्या आणि कापडाला महाग झालेल्या गावात असल्या बोलण्याला गिऱ्हाईक मिळायला किती वेळ लागतो? सांजेपर्यंत नऊ जणांनी अंगठे उठवले. त्यांत पहिला अंगठा उकंडरावाचा.

संतरामला बातमी कळली तेव्हा तो विळ्याला धार लावत होता. त्यानं विळा खाली ठेवला.

"तू जायचं न्हाई," तो म्हणाला.

"काहून? तुमी गेलताच की."

"म्या गेलतो म्हणूनच सांगून राहिलो."

"दादा, एवढ्याशा रानात दोन घरं भागंनात. अन् खाणीतल्या गाड्या आपल्या गाड्यांपरीस मोठ्या असत्यात का? मला गाडीचं भ्या सांगू नका." उकंडराव हसला. त्याच्या हसण्यात गुर्मी नव्हती. गुर्मी असती तर ती उतरवता आली असती.

दाराआड उकंडरावाची बायको सखुबाई उभी होती. थोरल्या दिरासमोर ती बोलत नसे, म्हणून जावेला उद्देशून म्हणाली, "बाई, इचारा ना, तिथं हाय तरी काय एवढं? हे म्हणत्यात कायबी न्हाई. मोठे तर तोंडच उघडत न्हाईत."

संतरामला सगळं नीट ठाऊक होतं. खाणीतले ते लोखंडी डबे, त्यांना टब म्हणतात, चार चाकांचे असतात आणि रुळांवरून चालतात. भरलेला टब पंधरा मणांचा. वर इंजन असतं, त्याच्या तारेच्या रश्श्यानं टब उतारावरून वर ओढले जातात. टब उतारावर उभा करायचा तर त्याच्या चाकाच्या आऱ्यांत लाकडाचा जाड दांडा घालायचा. दाराला लावतात त्या अडण्यासारखाच, म्हणून गोरेगावची माणसं त्याला अडणाच म्हणत. भिंतीत दर थोड्या अंतरावर माणूस मावेल एवढा कोनाडा कोरलेला असतो. टब सुटला की त्या कोनाड्यात शिरायचं आणि तो जाऊ द्यायचा. एवढीच सगळी विद्या, पण ती पायांना यावी लागते. उकंडरावाचे पाय दहाव्या वर्षापासून दुसरंच काही शिकले होते. हा माणूस तिथं पहिल्या महिन्यात मरणार, हे संतरामला हातावरच्या रेषेसारखं दिसत होतं.

अडवून तो थांबणार नव्हता. मग संतरामनं ठरवलं, की जायचंच आहे तर शिकून जा. मुकादम आठ दिवसांनी न्यायला येणार होता.

त्यानं लखमा सुताराला गाठलं. दोन मोडक्या गाड्यांचे आख आणि चाकं घेऊन लखमानं त्यांवर बाभळीच्या फळ्यांची पेटी ठोकली. चार चाकांची, जू नसलेली, बैल नसलेली ती वस्तू ओढ्याच्या उतारावर आणून उभी केली तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं. पाटलांनी विचारलं, की संतराम, ही गाडी कोण ओढणार, तू का तुझी बायको? लोक पोट धरून हसले. संतरामही थोडा हसला. त्याला हसं होण्याची फिकीर नव्हती.

उतारही त्यानं विचार करून निवडला होता. तिथं काळ्या खडकात पिढ्यान्पिढ्यांच्या गाड्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. त्यांत चाक घातलं की गाडी इकडं तिकडं हलायची नाही, रुळावरच्यासारखी सरळ खाली जायची. खाली ओढ्याच्या तोंडाशी त्यानं कडब्याच्या पेंढ्यांचा ढीग रचला. पेटीत धोंडे भरले.

मग नऊ जणांना उतारावर उभं केलं आणि समजावून सांगितलं. "ही येताना दिसली की बाजूला व्हायचं. हाक मारायची न्हाई, हात पसरायचे न्हाई. हिला डोळे न्हाईत, कान न्हाईत, वेसण न्हाई. तुमी कोण, कोणाचे, हे तिला ठावं न्हाई."

माणसं माना हलवत होती. माना हलवणं सोपं असतं.

वरून त्यानं चाकातला अडणा उपसला. गाडी गडगडत निघाली. आठ जण इकडं तिकडं झाले, कुणी धडपडले, एक जण ओढ्यात पडला. उकंडराव मात्र चाकोरीच्या मधोमध हात पसरून उभा. अगदी शेवटच्या क्षणी तो बाजूला झाला आणि गाडी कडब्यात घुसली.

"झालो की बाजूला," तो म्हणाला.

"उशिरा झालास."

"पण झालो."

पहिल्या दिवशी हे पाच वेळा झालं. दुसऱ्या दिवशी सात वेळा. बाकीचे हळूहळू शिकले. उकंडरावाला कळत होतं, तो मनापासून ठरवून उभा राहायचा, पण गाडीचा गडगडाट कानावर आला की त्याचा देह आपला आपण पुढं सरकायचा. तिसऱ्या दिवशी तर तो वैतागून म्हणाला, "दादा, म्या काय करू? पाय माझं ऐकतच न्हाईत." संतरामला तेव्हा भावाची दया आली. बैलांपुढं उभं राहायला लहानपणी संतरामनंच त्याला शिकवलं होतं.

चाक अडवायचंही तेच. गाडी उभी कर म्हटलं, की नऊच्या नऊ जण वाकून दगड शोधायचे. संतराम ओरडायचा, "दगड न्हाई, अडणा." ते दगड टाकून अडणा उचलायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा दगड. दगड दिसला की संतरामचा आवाज असा काही चढायचा, की लोक एकमेकांकडं बघायचे. एकदा त्यानं एकाच्या हातातला धोंडा हिसकून ओढ्यात भिरकावला.

मंजुळाबाई रोज घागर घेऊन ओढ्यावर यायची. पाणी भरून झालं, की काठावर थोडा वेळ थांबून बघायची. संतराम तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा.

सातवा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. त्या दिवशी उकंडरावाला गाडीनं जवळजवळ धरलंच. चाकाच्या लोखंडी धावेनं त्याच्या पोटरीची सालटी निघाली. संतराम लंगडत खाली आला आणि सगळ्यांदेखत त्यानं भावाच्या मुस्काटात मारली.

उकंडरावानं गाल चोळला नाही. तो शांतपणे म्हणाला, "मारा. तुमचा हक्क हाय. पण मला एक सांगा दादा. सोनाजीदादा पुढं झाले म्हणून सात माणसं जगली. तुमीच सांगितलं. गाव त्यांना मान देतं, त्यांच्या बैलांच्या मागं आमी चालतो. मंग पुढं होणं चूक कसं? सोनाजीदादा चुकले का?"

बाकीचे आठ जण जवळ सरकले. त्यांच्याही मनात हेच होतं हे त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. काठावर मंजुळाबाई डोक्यावर भरलेली घागर घेऊन उभी होती.

अजूनही खोटं बोलायला जागा होती. सोनाजीची गोष्ट वेगळी, तिथं सात माणसं होती, तुझ्यापुढं कोण आहे, असं काहीतरी म्हणता आलं असतं. संतरामनं तोंड उघडलंही त्यासाठीच. पण समोर भावाच्या पोटरीवरून रक्त वाहत होतं आणि ते त्यानं पुसलंही नव्हतं.

"सात माणसं नव्हती," संतराम म्हणाला.

कुणालाच काही कळलं नाही.

"खाली कोणीच नव्हतं. सोनाजी एकला होता. कोनाडा त्याच्या उजव्या अंगाला, दोन हातांवर. नुसतं आत सरकायचं होतं. म्या वरून वरडलो, सरक म्हणून. त्यानं टब येताना बघितला, हातातलं टोपलं खाली ठेवलं अन् रुळांच्या मधी येऊन उभा राहिला. असे हात पसरले. म्हणला, होऽ होऽ, थांब पाखऱ्या."

"टबाला पाखऱ्या म्हणले?" कुणीतरी हळूच विचारलं.

"व्हय. त्याच्या तोंडातून तेच आलं."

कुणी हसलं नाही.

"टब सुटला कसा?"

हा आवाज काठावरून आला. मंजुळाबाईनं तीन वर्षांत त्याला विचारलेला हा दुसरा प्रश्न होता. संतराम तिच्याकडे वळला. आता पाठ करून भागणार नव्हतं.

"माझ्या हातून सुटला. अडणा वीस पावलांवर पडला होता. आणायचा कंटाळा केला. म्हणलं, एवढ्याशा वेळाला काय होतंय. चाकाखाली दगड लावला, आपल्या गाडीला लावतो तसा. आपल्या मातीत दगड रुततो, वैनी. लोखंडावर तो रुतत न्हाई, घसरतो. टब निघाला तसा म्या मागून धरायला गेलो, त्यात पाय गेला. सोनाजीला वाचवताना गेला असं सांगितलं ते बी खोटं. म्या माझी चूक धरायला पळत होतो."

मंजुळाबाईनं घागर डोक्यावरून उतरवली, तिरकी केली आणि सगळं पाणी जमिनीवर ओतून दिलं. घरात मरण झालं, की भरलेलं पाणी असंच ओतून टाकतात. रिकामी घागर कमरेवर घेऊन ती गावाकडे चालू लागली.

त्या दिवशी गाडी पुन्हा सुटली नाही. सांजेला दोघं भाऊ एका ताटाशी बसले तरी एकमेकांकडे बघत नव्हते. उकंडराव म्हणाला, "आधी काहून न्हाई सांगितलं?"

"भ्यालो."

"मंजुळावैनीला?"

"वैनीला, तुला, गावाला. सगळ्यांनाच. तिनं मान वर केली अन् माझं निभावलं. निभावलं म्हणून गप राहिलो."

उकंडरावानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. दाराआडून सखुबाई जावेला म्हणाली, "बाई, आता तरी इचारा, यांचे पाय ऐकतील का?" चतुराबाईनं ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पहाटे नऊ जण गाठोडी घेऊन वेशीत जमले. कनेरगावच्या नाक्यावर लारी येणार होती. तिथून हिंगोलीचं ठेसन आणि पुढं आगगाडी. संतराम नाक्यापर्यंत पोचवायला निघाला होता. एवढ्यात मंजुळाबाई आली. पदर खोचलेला, हातात भाकरीचं फडकं.

"म्या बी येते नाक्यापत्तर," ती म्हणाली.

काहून, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. वाटभर ती सगळ्यांच्या पुढं चालत होती. संतरामला वाटलं, नाक्यावर चार गावच्या माणसांपुढं ही आपली अब्रू काढणार. मग त्याला वाटलं, काढू दे. तीन वर्षं जी अब्रू चोरून खाल्ली ती कधीतरी ओकावीच लागणार होती.

नाक्यावर आसपासच्या गावांतली आणि तांड्यांवरची वीसेक माणसं आधीच येऊन बसली होती. निजामाची हद्द तिथं संपायची आणि वऱ्हाड सुरू व्हायचं, त्यामुळं जकातीचे शिपाई, गाड्या, चहाची पालं अशी वर्दळ असायची. रस्त्याला तिथं थोडा उतार होता. उताराच्या वरच्या अंगाला हरिचंदाची लारी उभी होती आणि तीत ज्वारीची पोती चढत होती.

गोरेगावची माणसं म्हटल्यावर तांड्यावरचा सेवा नावाचा एक जण पुढं आला. मंजुळाबाईकडे बघून म्हणाला, "तुमी सोनाजीच्या घरच्या ना? वळखलं मी. मागच्या साली आमच्या तांड्यातले दोघं खाणीवर गेले, तवा गोरेगावच्या बाजारात तुमी त्यांना सोनाजीची गोष्ट सांगितली होती. मी होतो संगं."

"मग? आले का ते?"

"एक आला."

"दुसरा?"

"डब्याखाली गेला. बराबर सोनाजीवाणीच. पुढं झाला होता म्हणं." सेवा हे अभिमानानं सांगत होता. मंजुळाबाईला बरं वाटावं म्हणून सांगत होता.

मंजुळाबाई खाली बसली. भर नाक्यावर, सगळ्यांदेखत. सखुबाईच्या वयाची असताना विधवा झाली तेव्हाही ती अशी बसली नव्हती. संतराम दोन पावलं पुढं झाला आणि थांबला. तिला हात द्यायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला कळत होतं.

ती आपली आपण उठली. पदर सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाली, "ऐका रे समदे. इकडं या."

नवरा गेलेली बाई तीसेक पुरुषांना हाक मारते आहे म्हटल्यावर माणसं बिचकून जवळ आली.

"माझा मालक खाणीत वारला. तो पुढं झाला म्हणून सात जण वाचले असं म्या तीन साल सांगत आले. ते खोटं हाय. कोणीच वाचलं न्हाई. तो उगाच गेला. बाजूला कोनाडा होता, त्यात न्हाई शिरला. टबाला बैल समजला. तो चांगला माणूस होता, पण त्या टायमाला चुकला. तुमी चुकू नका. पोळ्याचा मान म्या पाटलाला वापस देणार हाय. मला माणसं मेलेली नको."

एवढं बोलून ती थांबली. तिनं संतरामकडे बघितलं, पण त्याचं नाव घेतलं नाही. पुढचं तिनं त्याच्यावर सोडलं होतं.

"अन् टब सुटला तो माझ्यामुळं," संतराम म्हणाला. "म्या अडण्याच्या जागी दगड लावला होता. चाकात अडणा घातल्याबिगर हात सोडू नका. लांब पडला असला तरी जाऊन आणा." सांगताना त्याची नजर सवयीनं लारीच्या चाकाकडे गेली. मागच्या चाकाला अडसर म्हणून एक गोल धोंडा होता. रस्ता नव्या खडीचा, टणक दाबलेला.

तो लंगडत लारीकडे गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "भाई, तो दगड काढा. लाकूड लावा. पोती चढून राहिली, वजन वाढून राहिलं."

ड्रायव्हर चहा पीत होता. "अरे चाचा, ब्रेक थोडा ढीला है, इसलिये पत्थर रख्या. रोज का है अपना." आणि त्यानं पुढचा घोट घेतला.

संतराम चहाच्या पालामागं बाभळीचा ओंडका दिसतो का बघायला वळला. तेवढ्यात वर शेवटची दोन पोती धपकन पडली. धोंडा कट् करून उडाला आणि लारी निघाली.

खाली रस्त्यावर गोरेगावचे नऊ जण आणि बाकीची माणसं उभीच होती. गडगडाट झाला तशी त्यांनी मान वर केली. गोरेगावचे आठ जण पाखरं उडावीत तसे दोन्ही बाजूंना झाले आणि जाता जाता शेजारच्यांना ओढून घेऊन गेले. उकंडराव रस्त्याच्या मधोमध होता. उकंडरावाचे दोन्ही हात वर झाले, पसरले, तोंडही उघडलं. लारी आली. आणि त्याचे पाय बाजूला गेले. नुसते गेले नाहीत, त्यांनी त्याला हातांसकट उचलून रस्त्याकडेच्या नालीत नेऊन टाकलं.

लारी पुढं जाऊन खडीच्या ढिगात घुसली आणि थांबली. एक पोतं फुटलं, ज्वारी रस्त्यावर सांडली. माणसाला कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

उकंडराव नालीत उठून बसला. हात अजून पसरलेलेच होते. त्यानं ते बघितले आणि शरमून खाली घेतले. मंजुळाबाई त्याच्याजवळ गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"हात राहू दे बाबा," ती म्हणाली. "हात त्याचे बी असेच होते. पाय तेवढे असेच ठेव."

हरिचंदानं ड्रायव्हरला चार शिव्या दिल्या, माणसांनी ज्वारी गोळा केली, लारी ओढून काढली. संतरामनं बाभळीचा ओंडका शोधून ड्रायव्हरच्या हातात दिला. या वेळी ड्रायव्हरनं तो घेऊन लारीत ठेवला. दुपारी लारी हिंगोलीकडे गेली. मागच्या फळीवर बसलेला उकंडराव वळणापर्यंत भावाकडं बघत होता.

परतीच्या वाटेवर दोघंच होती. मंजुळाबाई पुढं, संतराम लंगडत मागं. कोसभर गेल्यावर ती थांबली आणि तो जवळ येईपर्यंत थांबून राहिली.

"पाखऱ्याच म्हणले ना ते?" तिनं विचारलं.

"व्हय, वैनी. पाखऱ्याच."

तिनं मान हलवली. "बैल विकायचा म्हणत होते मला लोक. न्हाई विकला," ती म्हणाली, आणि त्याच्या पायाला झेपेल अशा चालीनं चालू लागली.